वाई-मेणवलीत गर्दीचं शूटिंग: या चुका टाळा

मेणवलीच्या नदीघाटावर शंभर माणसांचा बाजार उभा केला की वेळ शॉट घेण्यात जात नाही, माणसं पुन्हा पहिल्या जागेवर नेण्यात जातो. शंभर जणांना पायऱ्या चढून परत उभं राहायला पाच-सात मिनिटं लागतात. एकाच शॉटचे सहा टेक झाले की अर्ध्या तासाच्या आसपास वेळ नुसत्या चढण्यात संपला. वेळापत्रकात हा वेळ न धरणं ही पहिली चूक.

त्यासाठी वीस-वीसच्या टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीला गावातलाच मुकादम द्या, ज्याची हाक लोक ऐकतात. ऊसतोडीमुळे टोळी आणि मुकादम हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. उतरायची वाट एका बाजूने, परत चढायची दुसऱ्या बाजूने. पहिला टेक घेण्याआधी प्रत्येक टोळीचा जागेवरचा फोटो मुकादमाच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा. ‘मी कुठं होतो?’ हा प्रश्न तिथंच मिटतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांनी ‘ॲक्शन’वर हलणं. एकाच शब्दावर शंभर पाय उचलले की बाजार दिसत नाही, शाळेतली कवायत दिसते. गर्दीला कलाकारांच्या दोन-तीन सेकंद आधी सुरू करा, तेही टोळीटोळीने, मुकादमाने उपरणं हलवून. आणि प्रत्येकाला काम द्या. ‘मावशी, मेथीची जुडी उचला, भाव विचारा, महाग म्हणा, खाली ठेवा, पुढच्या पाटीकडे जा.’ एवढं सांगितलेली बाई कॅमेऱ्याकडे बघत नाही, तिला सवडच नसते. ‘कॅमेऱ्याकडे बघू नका’ असं ओरडलं की मात्र हमखास बघतात. दोष त्यांचा नसतो, रिकाम्या हातांचा असतो.

पांढऱ्या टोप्या आणि सदरे हा साताऱ्याकडचा खास त्रास. दुपारच्या उन्हात चित्रात पांढरं जळून नुसता डाग उरतो, आणि ते वाचवायला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, उतरवला की टोपीखालचे चेहरे काळे पडतात. म्हणून कपड्यांचा पांढरेपणा आधीच मारा: आदल्या दिवशी दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहा पावडर उकळून गाळा, कपडे पंधरा-वीस मिनिटं बुडवा, साध्या पाण्यातून काढा आणि सावलीत वाळवा. हे सुती कपड्यालाच चालतं. टेरिकॉट रंग नीट धरत नाही, त्याला बदली सदरा लागतो. चारातली एखादी टोपी पांढरी राहू द्या, नाहीतर सगळा बाजार मळकट वाटतो. जुन्या काळाचा प्रसंग असेल तर मनगटं, पाय आणि खिसे तपासा: घड्याळ, प्लास्टिकची चप्पल, खिशात उभा मोबाइल.

संवाद चालू असताना गर्दीने फक्त ओठ हलवायचे. लेझीम असेल तर साखळीच्या चकत्यांना कापडी टेप गुंडाळा. शॉट झाल्यावर लोकांना लगेच सोडू नका: जनरेटर बंद करून एक मिनिट कुजबुज, एक मिनिट घासाघीस, एक मिनिट आरडाओरडा वेगळा रेकॉर्ड करा. हा आवाज नंतर स्टुडिओत कितीही माणसं बोलावली तरी तसा जमत नाही.

माणसं कमी पडली तर कॅमेऱ्यासमोर सरळ रांगा लावू नका. तिरकं उभं करा, दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स लावा, उंच माणसं पुढे घ्या, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा झाकल्या जातात.

घाटावर पळापळीचा प्रसंग पायऱ्यांवर घेऊच नका, वरच्या सपाट जागेत घ्या. पाण्यालगतच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. त्या मोकळ्या ठेवा आणि पोहणारी दोन माणसं काठावर उभी करा. बाहेर पडायच्या वाटेत लाइटचे स्टँड किंवा कॅमेऱ्याची ट्रॉली नको. वाई तालुक्यातल्याच मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेत अरुंद, निसरड्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. इथल्या कितीतरी घरांना ती तारीख ठाऊक आहे. गर्दी खोटी असली तरी पायरी खरी असते.

मुलं घ्यायची असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी काढा. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, हा नियमच आहे.

एप्रिल-मेमध्ये माणशी तीन-चार लिटर पाणी धरा. जेवणाला शंभर जणांमागे दोन रांगा लावा, आणि बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा व स्वच्छतागृह लोक येण्याआधी तयार हवं. हजेरीच्या कागदावर आल्याची आणि सुटल्याची, दोन्ही वेळा लिहा. पैसे गाडी सुटण्याआधी ज्याच्या त्याच्या हातात द्या. उद्या कंटिन्युइटीला, म्हणजे आजच्या शॉटशी उद्याचा शॉट जुळायला, तेच शंभर चेहरे पुन्हा त्याच पायऱ्यांवर लागणार आहेत.