मोर्समधील एस, एच आणि ५ यांचा घोळ कसा सुटला

हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनासाठी, मोर्स ही छोट्या-लांब आवाजांची सांकेतिक लिपी शिकताना बाकीची अक्षरे कानात बसली, पण तीन डिटांचा (छोट्या आवाजांचा, म्हणजेच ठिपक्यांचा) एस, चार डिटांचा एच आणि पाच डिटांचा ५ हा आकडा यांत माझी गल्लत होतच राहिली. मिनिटाला ५ शब्दांच्या वेगात एक डिट २४० मिलिसेकंदांचा असतो; साहजिकच मन डिट मोजू लागते आणि मोजणी संपेपर्यंत पुढचे अक्षर निसटून जाते.

उपाय वरकरणी उलटा वाटेल असा होता. अक्षरांचा वेग २० शब्दांवर नेला आणि दोन अक्षरांमधली विश्रांती मात्र लांबच ठेवली; हीच फार्न्सवर्थ पद्धत. आता डिट ६० मिलिसेकंदांचा झाल्याने मोजायला सवडच उरली नाही, आणि डिटांमधले तेवढेच खंड धरून एस ३००, एच ४२० व ५ हा आकडा ५४० मिलिसेकंद चालत असल्याने प्रत्येकाचा वेगळा ठेका कानाला कळू लागला. ठिपक्यांचा छापील तक्ताही बाजूला ठेवला, कारण मोजण्याची खोड, माझ्या मते, तोच लावतो. सराव आधी फक्त एस आणि एच यांचा केला, ५ नंतर घेतला. व्ही आणि ४ यांतही तीन-चार डिटांचाच पेच आहे, पण शेवटच्या डाहमुळे (लांब आवाजामुळे) तो लवकर सुटला.