सुगंधी तेल त्वचेवर कसं तपासावं: पहिल्या थेंबापासून दुसऱ्या सकाळपर्यंत

कुपीचं झाकण उघडलं, नाकाशी धरली, वास आवडला आणि मोठी बाटली मागवली. पंधरा दिवसांनी तीच बाटली कपाटात मागे ढकललेली दिसते. छोट्या, स्वतंत्र परफ्यूमकारांच्या तेलांबाबत हे सर्रास होतं. बहुतेक वेळा तेल चांगलंच असतं, त्याची परीक्षा तेवढी पाच मिनिटांत उरकलेली असते. तेल आपला खरा वास पहिल्या तासानंतर दाखवायला लागतं, म्हणून तपासणीही तासांच्या हिशेबाने करायला हवी.

स्प्रेमधलं अल्कोहोल मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातं आणि जाताना हलके सुगंधी रेणू हवेत उधळतं. म्हणून तो पहिला भपकारा येतो. तेलात हे काम करायला कुणी नसतं. फ्रॅक्शनेटेड खोबरेल, जोजोबा किंवा डायप्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखं वाहक द्रव्य, म्हणजे ज्यात सुगंध मिसळलेला असतो ते, जवळजवळ उडतच नाही. ते सुगंध धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. त्यामुळे तेलाचा दरवळ कमी पसरतो, पण अंगाशी जास्त वेळ टिकतो. कुपी हुंगून निर्णय घेऊ नये, याचंही कारण हेच आहे. बंद कुपीत तेलावरच्या हवेत साठलेले असतात ते सगळ्यात लवकर उडणारे रेणू. शिवाय झाकणाच्या आट्यांत अडकलेलं तेल हवा लागून खवट झालेलं असतं. उत्तम तेलाच्या कुपीच्या तोंडालाही जुनाट वास येऊ शकतो.

आधी कुपी मुरू द्या

प्रवासात कुपी उन्हात तापते, थंडीत गारठते, हिंदकळते. आल्या आल्या वापरू नका. अंधाऱ्या, फार गरम नसलेल्या जागी उभी ठेवून किमान तीन-चार दिवस, जमलं तर दोन आठवडे विसरून जा. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी त्याच दिवशी एकदा लावून नोंद करावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लावून पाहावं. फरक पडला की नाही हे वहीच सांगेल.

तेल गढूळ दिसलं तर घाबरू नका. जोजोबा साधारण १० अंश सेल्सियसला गोठायला लागतो, व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलीनसारखे घटकही थंडीत खाली बसू शकतात. कुपी मुठीत दहा मिनिटं धरा, मग तळहातांत हळूहळू फिरवा. राळ किंवा जाड अर्क असलेल्या तेलांत तळाशी साका बसतो. अशी कुपी दर वेळी वापरण्याआधी चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा. हे केलं नाही तर पहिले थेंब पातळ, लिंबूवर्गी लागतात आणि शेवटचे इतके गडद की तेच तेल आहे यावर विश्वास बसत नाही. व्हॅनिला असलेलं तेल काळानुसार तपकिरी होत जातं. नुसत्या रंगावरून ते बिघडलं असं समजू नये.

त्वचेची परवानगी

वासाच्या चाचणीआधी ही पायरी वगळू नका. दंडाच्या किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, टूथपिकच्या टोकावर येईल इतकंच तेल लावा आणि ४८ तास लक्ष ठेवा. जळजळ लगेच कळते, पण ॲलर्जीची खाज, लाली किंवा पुरळ एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा उठते. त्वचा नाजूक असेल तर त्याच जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहणं अधिक भरवशाचं. दालचिनी, लवंग आणि ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारा दगडफुलाचा प्रकार) हे घटक त्वचेला त्रास देण्यासाठी ओळखले जातात. जुनं, हवा लागलेलं लिंबूवर्गी तेलही त्यातलंच, कारण त्यातल्या लिमोनीन या घटकाचं ऑक्सिडीकरण होऊन ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात.

बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाची गोष्ट वेगळी. दाबून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं आणि त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन महिनोन्महिने डाग राहू शकतो. घटकांत बर्गमॉट असेल आणि बर्गाप्टेन काढून टाकल्याचा उल्लेख नसेल, तर लावलेली जागा पुढचे १२ तास उघड्या उन्हात नेऊ नका. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे इथे अजिबात लागू पडत नाही.

चाचणीचा दिवस

सामान थोडंच लागतं: टूथपिक, कागदाच्या पट्ट्या (सुगंधाच्या खास पट्ट्या नसतील तर कॉफी फिल्टरचा कागद कापून चालतो), वही, बिनवासाचा साबण, कापूस आणि थोडं साधं बिनवासाचं तेल.

१. सकाळी बिनवासाच्या साबणाने हात कोपरापर्यंत धुवा, कोरडे करा आणि वीस मिनिटं थांबा. ओल्या, गरम त्वचेवर तेल नीट बसत नाही. वासाचं क्रीम, डिओडरंट, केसांचं तेल त्या दिवशी नको. सर्दी असेल तर चाचणी सरळ पुढे ढकला.

२. आधी कागद. टूथपिक तेलात बुडवून पट्टीच्या टोकाला टेकवा, दुसऱ्या टोकावर नाव आणि वेळ लिहा. कागदाला ऊब नाही, घाम नाही, स्वतःचा वास नाही. तेल मुळात कसं आहे ते कागद सांगतो. त्वचेवर काय बदललं हे नंतर त्याच्याशी ताडून बघता येतं.

३. मग त्वचा. एका दिवशी तीन तेलं पुरेत, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून चार बोटं वर एक, कोपराजवळ दुसरं, तिसरं उजव्या हाताला. दोन जागांत किमान आठ सेंटिमीटर अंतर ठेवा. खुद्द मनगट टाळा, तिथे घड्याळाचा पट्टा घासतो आणि हात धुताना पाणी लागतं.

४. मात्रा हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. १ मिलिलिटरच्या कुपीत साधारण २० ते ३० थेंब असतात आणि चाचणीला एक पूर्ण थेंबही जास्त होतो. टूथपिकचं टोक बुडवून अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत टेकवा आणि बोट न लावता टूथपिकच्याच आडव्या बाजूने पसरा. फार तेल लावलं की जड घटक इतके अंगावर येतात की मधले फुलांचे वास कळतच नाहीत, आणि मग तेल ‘उग्र’ ठरतं. कुपीची काडी किंवा रोल-ऑनची गोळी थेट त्वचेला लावली तर तिच्याबरोबर त्वचेची चरबी आणि आधीच्या तेलाचा अंश कुपीत जातो. प्रत्येक तेलाला नवीन टूथपिक.

मनगटं एकमेकांवर घासायची सवय अनेकांना असते. त्याने ‘रेणू फुटतात’ म्हणतात, ते खरं नाही. पण घर्षणाने ऊब वाढते, तेल पसरतं आणि सुरुवातीचे हलके वास लवकर संपतात. चाचणीत तेच तर बघायचे असतात.

५. हुंगताना नाक त्वचेपासून चार-पाच सेंटिमीटर दूर ठेवा. दोन-तीन छोटे श्वास घ्या आणि बाजूला व्हा. नाक टेकवलंत तर शेंड्याला तेल लागतं आणि मग दिवसभर सगळं जग त्याच तेलाचा वास मारतं! दोन तेलांच्या मध्ये एखादं मिनिट मोकळी हवा घ्या किंवा तेल न लावलेल्या स्वतःच्या बाहीत नाक खुपसा. कॉफीच्या दाण्यांचा बराच गवगवा आहे, पण साध्या हवेपेक्षा त्यांनी जास्त काही साधत नाही. नाकाला आणखी एक तीव्र वास तेवढा मिळतो.

६. वेळा ठरवून घ्या: लावल्या लावल्या, ५ मिनिटं, ३० मिनिटं, २ तास, ५ तास, झोपण्यापूर्वी आणि दुसऱ्या सकाळी. मधल्या काळात सारखं हुंगत बसू नका. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं आणि तेल ‘गेलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात ते तिथेच असतं.

वहीत काय दिसायला हवं

‘छान’, ‘बरा’, ‘नको’ असे शब्द महिनाभराने निरुपयोगी ठरतात. बर्गमॉट, गुलाब, पॅचौली आणि व्हॅनिला असलेल्या तेलाची उपयोगी नोंद साधारण अशी दिसते:

*डावा हात, कोपराजवळ. ९.०० लिंबूवर्गी, कडसर, थोडं औषधी. ९.३० लिंबू ओसरतंय, गुलाब आला, त्याला धातूची छटा. ११.०० गुलाब मागे, ओल्या मातीचा वास पुढे. २.०० माती मऊ झाली, गोडवा वाढला, पावडरीसारखा. रात्री १०.०० नाक जवळ नेल्यावरच, नुसती व्हॅनिला. सकाळी पुसट. कागदावर मात्र अजून माती ठळक.*

या नोंदीत तेलाची सगळी घडण आहे. बर्गमॉटमधले लिमोनीन, लिनॅलिल ॲसिटेट हे हलके घटक आधी निघून जातात. गुलाबातले सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल मधले तास सांभाळतात. मातीसारख्या वासाच्या पॅचौलीतलं पॅचौलॉल आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलीन सहजी हलत नाहीत, म्हणून दिवसाचा मोठा भाग तुम्ही त्यांच्याच सोबत काढणार असता. अकरा ते दोनच्या दरम्यानचा वास आवडला नाही, तर नऊचा कितीही मोहक असला तरी ते तेल तुमच्या कामाचं नाही. उलटही घडतं. ऊदसारखी तेलं पहिल्या अर्ध्या तासात गोठ्यासारखी लागतात आणि मग त्यातून मऊ, धुरकट लाकूड निघतं. पहिल्या मिनिटाला हात धुणारा त्या लाकडापर्यंत पोचतच नाही.

बिघडलं की काय?

*दोन तासांत वास गायब.* बहुधा त्वचा कोरडी आहे, ती तेल शोषून घेते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आधी पेट्रोलियम जेलीचं किंवा बिनवासाच्या क्रीमचं अगदी पातळ बोट फिरवून वर तेल लावा. तरीही काही नाही, पण शेजारच्या माणसाला वास येतोय? मग प्रश्न नाकाचा आहे. कस्तुरीच्या कृत्रिम रेणूंपैकी एखादा अनेकांच्या नाकाला अजिबात जाणवतच नाही. व्हायोलेटच्या वासामागचं बीटा-आयनोन काहींना फुलासारखं, काहींना आंबट लागतं, आणि त्यामागे वास ओळखणाऱ्या एका जनुकातला फरक असतो. म्हणून कस्तुरीवर बेतलेलं तेल विकत घेण्याआधी दुसऱ्या माणसाला अर्ध्या मीटरवरून वास घ्यायला सांगा. हे केलं नाही तर ‘मला येत नाही’ म्हणत तेल चोपडलं जातं आणि खोलीतल्या बाकीच्यांची डोकी चढतात.

*एकच घटक सगळ्यांवर स्वार झाला.* कागदावर समतोल वाटणारं तेल अंगावर नुसतं गोड, नुसतं साबणासारखं किंवा नुसतं पावडर होतं. याचं खापर सहसा त्वचेच्या पीएचवर फोडतात. निरोगी त्वचेचा पीएच माणसामाणसांत थोडाच बदलतो. त्वचेची चरबी, ओलावा आणि ऊब यांचा हात जास्त मोठा असतो. मात्रा निम्मी करून तेच तेल दंडावर आणि पायाच्या नडगीवर लावून पाहा. नडगी सहसा कोरडी आणि थंड असते, तिथे तेल अधिक कागदासारखं वागतं. दोन-तीन वेगवेगळ्या तेलांत तोच घटक उसळला, तर वहीच्या पहिल्या पानावर त्याचं नाव ठळक लिहा. पुढची निम्मी खरेदी त्या एका ओळीने वाचते.

*टर्पेंटाइन, वॉर्निश किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा वास.* पहिले दोन म्हणजे लिंबूवर्गी किंवा देवदारी घटकांचं ऑक्सिडीकरण, तिसरा म्हणजे वाहक तेल खवट झालं. पट्टीवर घेऊन खात्री करा. कागदावरही तोच वास असेल तर कुपी बाद, ती त्वचेवर नको.

*नको असलेलं तेल निघत नाही.* नुसत्या साबण-पाण्याने ते पसरतं. कापसावर साधं तेल घेऊन जागा पुसा, कोरड्या कापसाने टिपा आणि मग साबण लावा. कपड्यावर लागू देऊ नका. तेलाचा डाग वासापेक्षा जास्त टिकतो.

पूर्ण दिवस अंगावर

हातावरच्या चाचणीत पास झालेलं तेल एकट्याने, पूर्ण दिवस वापरून पाहायचं असतं. कानामागे, मानेच्या बाजूला आणि कोपराच्या घडीत मिळून दोन थेंब. एकदा निवांत घरच्या दिवशी आणि एकदा घाम येईल अशा दिवशी. गरम त्वचेवर गोड तेलं दुपटीने गोड लागतात आणि चिकटपणा जाणवतो, गारव्यात हलकी फुलं अंगातून उठतच नाहीत. दोन्ही दिवस जमलं, तरच मोठ्या बाटलीचा विचार.

एक गंमतही करून बघण्यासारखी आहे. घरातल्या कुणाला तरी तीन कुप्यांवर नावं झाकून १, २, ३ असे आकडे टाकायला सांगा. महागडं नाव आणि देखणी चिठ्ठी डोळ्यांआड गेली की नाकाची आवड बऱ्याचदा वेगळीच निघते.

राहिलेल्या नमुन्यांवर उघडल्याची तारीख लिहा, कुपीचं तोंड कापसाने पुसून झाकण घट्ट लावा आणि अंधाऱ्या डब्यात उभ्या ठेवा. खिडकीची कड आणि न्हाणीघर या दोन्ही जागा वाईट. निम्म्याहून रिकाम्या कुपीत हवा जास्त, म्हणून आधी ती संपवा, त्यातही लिंबूवर्गी आधी. पॅचौली, चंदन, राळ यांची तेलं घाई करत नाहीत. आज नापसंत ठरलेली गडद तेलं टाकून देऊ नका. ऋतू बदलल्यावर, सहा महिन्यांनी, जुनी नोंद न वाचता पुन्हा एकदा लावा आणि मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा.