भेकरासाठी लहान कॅलिबरची रायफल घेताय? या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या झाडोऱ्यात फिरणारं मंटजॅक म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं चीनकडचं भावंड. बेडफर्डशायरच्या वोबर्न इस्टेटीवर हौसेने आणलेलं हे जनावर विसाव्या शतकात आसपासच्या रानात पसरलं. खांद्यापाशी उंची ४५ ते ५२ सेंटिमीटर, वजन १० ते १८ किलो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार भेकराच्या शिकारीला बंदी आहे, म्हणून पुढचं सगळं तिथे राहणाऱ्या, फायरआर्म सर्टिफिकेट (रायफलीचा परवाना) असलेल्या किंवा काढू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं कॅलिबर?’ (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचांत) आणि घोळ इथूनच सुरू होतो. कायदा आणि जनावर, दोघांनाही कॅलिबरच्या नावाशी फारसं देणंघेणं नाही. नळीची लांबी, नळीतला पीळ आणि गोळीची बांधणी यांचा मेळ बसला तर .२२३ उत्तम चालते. नाही बसला तर तीच रायफल बेकायदा ठरते, नाहीतर जनावर जखमी करून सोडते.

‘.२२ आहे ना, मग चालेल’

इंग्लंड-वेल्समध्ये मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या दोन जातींसाठी किमान अटी अशा: कॅलिबर .२२० इंच, गोळी ५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक), नळीच्या तोंडाशी ऊर्जा १,००० फूट-पाऊंड, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची. यापैकी एकही अट चुकली तर गुन्हा.

आता हिशेब बघा. साधी .२२ रिमफायर (लहान काडतुसाची) सव्वाशे-दीडशे फूट-पाऊंडांवर संपते. .१७ एचएमआरची ऊर्जा २४५च्या आसपास, आणि तिची गोळी १७ ग्रेनची. .२२ हॉर्नेटचं नाव भारदस्त, पण ४५ ग्रेनची गोळी सुमारे ७२० फूट-पाऊंडच देते. म्हणजे ती वजनातही नापास आणि ऊर्जेतही. ‘जवळून मारू, डोक्यात मारू’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण अंतर कितीही असलं तरी अट तीच राहते. खरी निवड सुरू होते .२२२ आणि .२२३ रेमिंग्टनपासून.

नळी आखूड घेतली आणि ऊर्जा गेली

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात कमी लक्षात येते. काडतुसांच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची चाचणी नळीतला असतो. मॉडरेटर (आवाज दाबणारी नळकांडी) लावल्यावर रायफल लांबलचक होते म्हणून लोक १८ किंवा १६ इंची नळी घेतात. या वर्गातल्या काडतुसांत इंचामागे ढोबळमानाने ३० फूट प्रतिसेकंद वेग कमी होतो.

ऊर्जा काढायला सोपं सूत्र आहे. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. .२२२ची ५० ग्रेनची गोळी खोक्यावर ३,१४० फूट प्रतिसेकंद वेग दाखवते, म्हणजे १,०९५ फूट-पाऊंड. छान वाटतं. तीच १८ इंची नळीतून झाडली की वेग २,९६०च्या आसपास येतो आणि ऊर्जा ९७३. संपलं! गोळी तीच आणि कॅलिबर तेच, पण मंटजॅकवर झाडायला बेकायदा. ५० ग्रेनच्या गोळीला किमान ३,००१ फूट वेग लागतो, ५५ ग्रेनला २,८६२. .२२३ची ५५ ग्रेनची गोळी २४ इंचांत ३,२४० फूट जाते, त्यामुळे १६ इंची नळीतही हजारापेक्षा बरीच वर राहते. आखूड नळीच हवी असेल तर .२२२ सोडा आणि .२२३ घ्या. रेंजवर एखाद्याचा क्रोनोग्राफ मागून पाच गोळ्यांचा वेग मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. सरासरीबरोबर सगळ्यात हळू गेलेली गोळीही बघा.

पीळ न बघता गोळी घेणं

नळीच्या आतल्या खाचा गोळीला फिरकी देतात. १:१२ म्हणजे १२ इंचांत एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. .२२२ला सहसा १:१४ असतो, जुन्या .२२३ला १:१२, नव्या रायफलींना १:८ किंवा १:९. १:१२मध्ये ५५ ग्रेन व्यवस्थित जाते. ६९ ग्रेन घातली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक दिसेल, म्हणजे गोळी कलंडत आली. तांब्याच्या गोळीत हा प्रश्न लवकर येतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. शिसेमुक्त गोळी वापरायचा बेत असेल तर १:८च बघा.

जुनी रायफल घेताना विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा. दांडा फिरू शकेल अशा मुठीच्या सफाई-दांड्याला घट्ट बसणारी चिंधी लावा आणि चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाकडून) थोडी आत ढकला. दांड्यावर, मुठीजवळ, पेनाने वरच्या बाजूला खूण करा आणि रायफलीच्या मागच्या कडेपासून ती किती दूर आहे ते मोजून ठेवा. मग सावकाश ढकलत राहा. खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली की थांबा आणि दांडा किती इंच पुढे सरकला ते मोजा. चिंधी सैल असेल तर ती खाचांवरून घसरते आणि आकडा चुकतो, म्हणून दोनदा करा.

कोल्ह्याची गोळी भेकराला

.२२३साठी दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांत मोठा वाटा प्लॅस्टिकच्या टोकाच्या, पातळ कवचाच्या ‘व्हार्मिंट’ गोळ्यांचा. कोल्हा-सशासाठी त्या ठीक. त्या आत शिरताच फुटून चुरा व्हाव्यात म्हणूनच बनवलेल्या असतात. मंटजॅक बहुतेक वेळा ४० ते ८० मीटरवर, दाट झाडीच्या कडेला दिसतं. एवढ्या जवळ गोळीचा वेग जवळजवळ पूर्ण शाबूत असतो. खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच्यावर फुटते. बाहेर भलीमोठी जखम, आत फुप्फुसं धड. जनावर पळतं आणि हाल होऊन मरतं. .२२-२५०मध्ये वेग आणखी जास्त, म्हणून हा धोकाही जास्त. ‘जास्त वेग म्हणजे जास्त खात्री’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

५५ ते ६५ ग्रेनची, हरणासाठी बनवलेली सॉफ्ट पॉइंट किंवा पोकळ टोकाची तांब्याची गोळी घ्या. खोक्यावर ‘डिअर’ शब्द शोधा, नाहीतर उत्पादकाच्या तक्त्यात बघा. लष्करी पद्धतीची पूर्ण कवचाची गोळी तर कायद्यातच बसत नाही. आणि ५.५६चं काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये घालू नका. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, पण ५.५६च्या चेंबरमध्ये खाचा सुरू होण्याआधी मोकळी जागा जास्त असते. ती .२२३मध्ये मिळत नाही आणि दाब वाढतो.

लहान गोळीचा एक तोटा आधीच माहीत असलेला बरा. ती बऱ्याचदा आरपार जात नाही. बाहेर पडायची जखम नाही म्हणून रक्ताचा माग नाही, आणि छातीत गोळी बसलेलं मंटजॅकही ४०-५० मीटर काट्याकुट्यात घुसू शकतं. माग काढणारा कुत्रा सोबत नसेल तर झाडीला अगदी लागून उभ्या असलेल्या जनावरावर चाप ओढू नका.

जमिनीवर दुसरं हरीण आहे का?

हे आधी बघायचं, पण बघतात रायफल घेऊन झाल्यावर. त्याच शेतावर रो किंवा फॅलो या जातीचं हरीण असेल तर इंग्लंडमध्ये त्यांना किमान .२४० इंच आणि १,७०० फूट-पाऊंड लागतात. .२२३ तिथे निरुपयोगी. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये रोला ५० ग्रेन, २,४५० फूट वेग आणि १,००० फूट-पाऊंड पुरतात. सीमा ओलांडली की तीच रायफल, त्याच हरणावर, गुन्ह्याची. मिश्र हरणांची जमीन असेल तर सरळ .२४३ घ्या. तिच्यातही आखूड नळीचा फास आहेच. १०० ग्रेनची गोळी २४ इंचांत २,९६० फूट देते, १८ इंचांत साधारण २,७८०. ऊर्जा १,७१६, काठावर पास. नळी २० इंचांच्या खाली नेऊ नका.

स्कोप, मॉडरेटर आणि भटकणारा नेम

स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) मध्य नळीच्या मध्यापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटर वर असतो. स्कोपमधून वाट मोकळी दिसते, पण नळीसमोर गवताचा उंचवटा किंवा फांदी असते. ठेंगण्या जनावरावर, बसून किंवा झोपून नेम धरताना हे सर्रास होतं. माउंट (स्कोप धरणाऱ्या कड्या) शक्य तितके बुटके घ्या आणि झाडण्याआधी नळीच्या रेषेत एकदा डोळा फिरवा.

मॉडरेटर घेताना आटे तपासा. अर्धा इंची यूएनएफ आणि १४ मिलिमीटर बाय १ हे दोन्ही प्रकार चालतात आणि एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने फिरवलेला मॉडरेटर तिरका बसतो आणि पहिलीच गोळी त्याच्या आतल्या पडद्याला घासते. शून्य (गोळी नेमावर लागेल असं स्कोप जुळवणं) नेहमी मॉडरेटर लावूनच करा, काढला की गोळी दुसरीकडे लागते.

नेम भटकत असेल तर लगेच स्कोपला दोष देऊ नका. क्रम असा ठेवा:

१. मॉडरेटर हाताने घट्ट आहे का ते बघा. काही गोळ्यांनंतर तो सैल होऊ शकतो.
२. दस्ता आणि नळी यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा. मध्येच अडकली तर दस्ता नळीला टेकतोय. पावसात लाकूड फुगल्यावर हे हटकून होतं.
३. माउंटचे आणि दस्त्याचे स्क्रू टॉर्क-पान्याने, उत्पादकाच्या आकड्यावर आवळा.
४. नळी गार होऊ द्या आणि तीनच गोळ्या झाडा. शिकारीत कामाची असते ती गार नळीतली पहिली गोळी.
५. तरीही कागदावर गोळ्यांचा समूह फाकत असेल तर तांब्याचा थर काढणाऱ्या द्रावणाने नळी साफ करा. चिंधीवर निळसर-हिरवा रंग यायचा थांबेपर्यंत.

एवढं करूनही गोळ्या भटकल्या तर दुसऱ्या वजनाचं एक खोकं आणून बघा आणि मगच स्कोप बदलायचा विचार करा.

घरी आल्यावर मॉडरेटर काढून, तोंड खाली करून वाळवा. तो नळीवर तसाच ठेवून रायफल कपाटात उभी केली तर आतली ओल नळीत उतरते, आणि महिन्याभरात नळीच्या तोंडाशी गंज धरतो.