जुन्या घरात उजेड हवाय? अंगणाकडचा दरवाजा बदलताना या चुका टाळा

भर दुपारी दिवा लावावा लागतो म्हणून अंगणाकडचा लाकडी दरवाजा काढून काचेचा बसवायचा, आणि महिनाभराने हात पुन्हा त्याच बटणाकडे जायचा. असं पुष्कळांचं होतं. दरवाजा पसंत करताना काच नेमकी किती मिळणार, हे कुणी मोजतच नाही.

चौकट काच खाते

भिंतीतला गाळा, म्हणजे दरवाजासाठीची मोकळी जागा, १८० सेंमी रुंद आणि २१० सेंमी उंच धरा. दोन पल्ल्यांचा सरकता दरवाजा, चौकट चहूबाजूंनी ६ सेंमी, पल्ल्याच्या पट्ट्या ८ सेंमी. मधल्या दोन पट्ट्या एकीमागे एक येतात, तरी रुंदीतले ३६ आणि उंचीतले २८ सेंमी गेलेच. काच उरली १४४ बाय १८२, म्हणजे गाळ्याच्या ६९ टक्के. त्यात कारागीर म्हणाला, "जुनी चौकट राहू द्या, आतूनच नवी बसवतो," की दोन्ही बाजूंनी आणि वरून आणखी ४-४ सेंमी जातात. मग काच ६४ टक्के. भिंत फुटत नाही हा मोह मोठा असतो, पण जुनी चौकट काढता येत असेल तर काढाच. तीन पल्ले घेतले तर एक उभी पट्टी वाढते. यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकपेक्षा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बारीक मिळतात, कारण तो धातू मुळात जास्त ताठ.

रुंदीच्या मागे लागून उंची विसरणं

उजेड खोलीत किती आत जाणार, हे काचेच्या वरच्या कडेवर ठरतं. ढोबळ अंदाज असा, की त्या उंचीच्या दीड ते दोन पट. वरची कड २ मीटरवर असेल तर ३ ते ४ मीटरपर्यंत. सहा मीटर लांब दिवाणखान्याचं मागचं टोक नुसता दरवाजा रुंद करून उजळत नाही. दरवाजाच्या वरच्या भागात न उघडणारी काचेची झडप घेतली तर फरक पडतो. मात्र लिंटेल (गाळ्यावरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई) हलवावं लागणार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नका.

आणखी एक पाहा. खोलीच्या मागच्या टोकाला खुर्चीत बसून बाहेर बघा. आभाळाचा तुकडासुद्धा दिसत नसेल तर अडचण बाहेरच्या पत्र्याची किंवा छज्ज्याची आहे, दरवाजाची नव्हे.

हातातल्या नमुन्यावर काच ठरवणं

ही चूक माझीच. तळहाताएवढा राखाडी तुकडा हातात छान स्वच्छ दिसला. दरवाजा लागला आणि खोलीत कायमचं ढगाळ. नमुना पांढऱ्या कागदावर ठेवून बघितला असता तर तिथेच कळलं असतं. साध्या पारदर्शक काचेतून सुमारे ९० टक्के उजेड येतो, दुहेरी काचेतून ८० च्या आसपास, आणि गडद राखाडीतून निम्म्याहून कमीही येऊ शकतो. पश्चिमेच्या उन्हाची धास्ती असेल तर रंगीत काच नको, लो-ई लेप (उष्णता परतवणारा अतिपातळ थर) असलेली बघा. तिच्या माहितीपत्रकात प्रकाश किती आणि उष्णता किती आत येते, हे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. पहिला मोठा, दुसरा लहान असलेली निवडा.

एकाच जागी माप घेणं

जुनी भिंत बहुधा ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसते. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान माप धरा, आणि दोन्ही कर्ण ताडून बघा. फरक आला तर गाळा गुण्यात नाही, म्हणजे त्याचे कोपरे काटकोनात नाहीत. फरशी बदलायची असेल तर ती आधी. टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.

बसवल्यावर कुरकुर सुरू झाली तर

पल्ला जड जातोय? आधी ट्रॅक ब्रशने साफ करा. मग पल्ल्याच्या खालच्या कडेचा स्क्रू फिरवून रोलर वर-खाली करा. कडी नीट लागत नसेल तरी बहुधा हाच उपाय चालतो. ट्रॅकमध्ये पाणी साचत असेल तर निचऱ्याची भोकं बघा. बऱ्याचदा कामाच्या वेळी कुणीतरी उत्साहाने त्यांवर सिलिकॉन फासलेलं असतं. दुहेरी काचेच्या आत वाफ धरली तर पुसून जाणार नाही, तिचं सील गेलंय. पण त्यासाठी अख्खा दरवाजा बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक दरवाजांत चौकट तशीच ठेवून तेवढी काच बदलता येते.