बॉस्टनमध्ये बायोइन्फर्मेटिक्सची पहिली नोकरी शोधताना

बॉस्टनला उतरलात की पहिल्या आठवड्यात कुणीतरी हौसेने केंडल स्क्वेअर दाखवायला नेतंच. एमआयटी, जिनोम संशोधनाची ब्रॉड इन्स्टिट्यूट, औषध कंपन्यांच्या काचेच्या इमारती, सगळं हाकेच्या अंतरावर. बघून घ्या, फोटो काढा, पण पहिली नोकरी तिथेच लागेल असं धरून चालू नका. २०२२ पासून बायोटेक कंपन्यांत कपातीच्या लाटा येताहेत. नुकती डिग्री हातात पडलेल्यांच्या रांगेत आता अनुभवी माणसंही उभी असतात.

बायोइन्फर्मेटिक्स म्हणजे जीवशास्त्राच्या डेटाचं संगणकावर विश्लेषण. त्यातल्या पदनामांचं आधी बघू. जाहिरातीत 'सायंटिस्ट' असेल तर बहुतेक कंपन्यांना पीएचडी हवी असते. मास्टर्सवाल्यांनी 'अ‍ॅनालिस्ट', 'असोसिएट सायंटिस्ट', 'बायोइन्फर्मेटिक्स इंजिनिअर' हे शब्द टाकून शोधावं. काम पुष्कळदा तेच असतं, पगार तेवढा वेगळा. सरकारी आकडेवारीत तर आपल्याला स्वतंत्र रकानाही नाही. 'इतर जीवशास्त्रज्ञ' या गठ्ठ्यात आपण मोजले जातो. त्यामुळे 'सरासरी पगार' म्हणून कुठे आकडा दिसला तर त्यावर फार विसंबू नका.

त्यापेक्षा जाहिराती वाचा. २९ ऑक्टोबर २०२५ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीतच पगाराची श्रेणी द्यावी लागते. कॅलिफोर्नियात हा नियम २०२३ पासून आहे. पदनाम, मागितलेली डिग्री, श्रेणी असं तक्त्यात उतरवत गेलात की आठवडाभरात बाजारभाव कळतो. शिवाय ऑफर देण्याआधी तुमचा आधीचा पगार विचारायला इथे मालकाला बंदी आहे, तेव्हा आपणहून तो सांगू नका. पीएचडीनंतर पोस्टडॉक (तात्पुरतं संशोधनपद) करणाऱ्यांसाठी एक खूण: एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०२४ साठी पहिल्या वर्षाचं मानधन ६१,००८ डॉलर ठरवलं होतं, आणि बऱ्याच संस्था त्याच तक्त्याच्या आधाराने पोस्टडॉकचा पगार ठरवतात. त्या पैशात केंडलजवळ घर परवडत नाही. मेट्रोच्या रेड लाइनवर क्विन्सीकडे बघा.

आता पगाराहून महत्त्वाचं. ओपीटी म्हणजे एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची मुभा. तिचे १२ महिने, त्यावर स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या डिग्रीवाल्यांसाठीची) २४ महिन्यांची वाढ. पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. वाढ मिळाली की दोन्ही मिळून १५०. वाढीसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याची कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत, नोंदलेला असावा लागतो. छोट्या स्टार्टअपचं इथे अडतं, म्हणून होकार कळवण्याआधी स्पष्ट विचारून घ्या. पुढचा टप्पा एच-वन बी या नोकरीच्या व्हिसाचा. त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं शिकलेल्यांसाठी आणखी २०,०००. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था मात्र या मर्यादेच्या बाहेर.

म्हणून मी नव्या मुलांना सांगते, विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या कोअर फॅसिलिटीतली (अनेक संशोधकांची कामं करून देणाऱ्या सामायिक प्रयोगशाळेतली) जागा मिळत असेल तर पगार कमी म्हणून नाक मुरडू नका. आज आरएनए-सेक, उद्या एक्झोम, परवा सिंगल-सेल, असा सगळ्या प्रकारचा सिक्वेन्सिंग डेटा हाताखालून जातो. कंपनीत विश्लेषणाच्या एकाच ठरीव साखळीवर (पाइपलाइनवर) दोन वर्षं निघू शकतात. मेख एवढीच की तिथून पुढे खासगी कंपनीत जायचं झालं तर साधारणपणे एच-वन बीच्या मर्यादेतल्या लॉटरीत नंबर लागावाच लागतो. ओपीटी चालू असेपर्यंत प्रयत्न सोडू नका.

कौशल्यांची यादी सगळ्यांना पाठ असते: पायथन, आर, लिनक्स, गिट, पाइपलाइन चालवणारं नेक्स्टफ्लो, थोडं क्लाउड. ते यायलाच हवं, पण उमेदवार गळतात भलतीकडेच. मुलाखतीत मी एक पीसीए प्लॉट समोर ठेवते, म्हणजे सारखे नमुने जवळ आणि वेगळे लांब दाखवणारा आलेख. बारा नमुने, सहा औषध दिलेले, सहा न दिलेले. ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके. मुलं खूश होऊन म्हणतात, औषधाचा परिणाम दिसतोय. मग मी नमुन्यांचा तक्ता पुढे सरकवते. औषधवाले सहाही मार्चमध्ये सिक्वेन्स झालेले, उरलेले जूनमध्ये. आता हा फरक औषधाचा की बॅचचा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी सिक्वेन्स केल्याचा? बरेच जण पटकन सांगतात, बॅच करेक्शन करू, म्हणजे बॅचचा फरक गणिताने काढून टाकू. पण इथे बॅच आणि औषध एकमेकांत पूर्ण मिसळलेत. डीईसेक-टू या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही घातले तर ते 'मॉडेल मॅट्रिक्स फुल रँक नाही' (म्हणजे दोन्ही परिणाम वेगळे करता येत नाहीत) म्हणून अडून बसतं, आणि फक्त बॅच पुसायला गेलात तर औषधाचा खरा परिणामही पुसला जातो. या डेटातून उत्तर निघणार नाही, प्रयोग नीट आखून पुन्हा करावा लागेल, हे जो वेट लॅबच्या (प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या) शास्त्रज्ञाला तोंडावर पण सभ्यपणे सांगू शकतो, त्याला मी निवडते. त्याचं नेक्स्टफ्लो कच्चं असलं तरी चालतं, ते महिन्याभरात येतं.

गिटहबवर दहा अर्धवट कोर्स-प्रोजेक्ट ठेवण्यापेक्षा एकच पूर्ण ठेवा. जिओ (GEO) या जनुक-डेटाच्या ऑनलाइन संग्रहातला सार्वजनिक डेटा घ्या, मूळ पेपरातला एखादा निष्कर्ष पुन्हा काढून बघा, आणि जिनोमची आवृत्ती व सॉफ्टवेअरचे व्हर्जन रीडमीत (प्रोजेक्टच्या माहिती-फाइलीत) लिहा. निष्कर्ष जुळला नाही तर का जुळला नसावा तेही लिहा. मुलाखतीत त्यावरच बोलणं रंगतं.

नोकरी लागली की पहिली पे-स्लिप नीट बघा. एफ-वनवर असताना साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्याचे कर) कापलं जाऊ नये. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. पेरोलवाले सवयीने कापतात. कापलं असेल तर आधी त्यांच्याकडेच लेखी परतावा मागा. त्यांनी हात वर केले तर आयआरएसचा (कर खात्याचा) फॉर्म ८४३ भरा, सोबत ८३१६ जोडा.