लहान मुलाला घेऊन समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा, मग खोली ठरवा

दोन्ही मुलांना घेऊन आम्ही दरवर्षी एकदा तरी कोकणात जातो. कधी दिवेआगर, कधी दापोलीजवळचं कर्दे, कधी केळशी. अशा सहलीबद्दल ऐकायला मिळणारे सल्ले बहुतेक बॅगेत काय भरावं याचेच असतात. टोपी, खाऊ, जास्तीचे कपडे हे कुठल्याही आईबापांना सांगावं लागत नाही. मुलाला पाण्यात किती वाजता न्यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सगळी सहल त्यावर अवलंबून असते, म्हणून या लेखात सुमारे निम्मी जागा त्यालाच दिली आहे.

महिना आणि किनारा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पाच वर्षांखालचं मूल घेऊन समुद्रावर जाऊच नये. मे महिन्यात वाळू इतकी तापते की मूल खाली उतरायलाच तयार होत नाही.

किनारा सपाट हवा. दिवेआगर आणि कर्दे मला आवडतात ते त्यासाठीच. पाणी ओसरलं की लांबवर ओली, घट्ट वाळू मिळते. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जा, पण तिथे मुलाला पाण्यात नेऊ नका. आणि खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकाला तर कधीच नाही. ओहोटीच्या वेळी अख्खी खाडी तिथून बाहेर ओतत असते.

प्रवास

ताम्हिणी असो की वरंध, घाट लागायच्या तासभर आधी हलकं खायला घाला आणि घाटात मुलाच्या हातात मोबाइल देऊ नका. उलट्या कमी होतात.

पाण्यात उतरवण्याची वेळ

माझी लेक साडेतीन वर्षांची होती. डिसेंबरची संध्याकाळ, ऊन उतरलेलं, समुद्र शांत दिसत होता. सहाच्या सुमाराला आम्ही पाण्यात गेलो. पाणी तिच्या पोटरीपर्यंतसुद्धा नव्हतं. मी तिची दोन बोटं धरली होती. लाट आली, फुटली, आणि परत जाताना तिने लेकीच्या टाचांखालची वाळू उपसून नेली. ती बसली, ओली बोटं माझ्या हातातून सुटली आणि पाणी तिला घेऊन निघालं. माझा नवरा चार पावलांवर होता, त्याने फ्रॉक पकडला. सगळं मिळून तीन-चार सेकंद. त्यानंतर वर्षभर लेक लाटांचं नाव काढलं की रडायची.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, “अगो, आज सप्तमी ना? सव्वापाचाला भरती पुरी झाली. पाणी फिरल्यावर पोरीला कशाला नेलंस?” त्यांनी कॅलेंडर न बघता वेळ सांगितली होती. मग त्यांनी मला हिशेब शिकवला. कोकणातल्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असतो.

तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दोन्ही पक्षांना हिशेब एकच, आणि अमावास्याही पंधराच धरायची. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते. म्हणून तारखा ठरवायला हा हिशेब वापरा आणि तिथे पोचलात की जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा किंवा गावातल्या माणसाला विचारा.

आता मुलासाठी चांगली वेळ कोणती? माझं मत पक्कं आहे: पूर्ण ओहोटी होऊन पाणी परत चढायला लागलं की पहिले दोन तास. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. ओहोटीला पाणी किनाऱ्याच्या सपाट भागावर असतं, लाट लांब फुटते आणि मुलापर्यंत तिचा फेस तेवढा पोचतो. शिवाय भरती लागल्यावर पाणी सुरुवातीला हळू चढतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात जोरात. पूर्ण भरतीला पाणी वरच्या उतारापाशी येतं. तिथे लाट पायाशीच फुटते आणि उतारावरून जोरात मागे जाते. आम्ही फसलो ते तिथेच. मोठ्या माणसाला ती ओढ घोट्याला जाणवते, मुलाला ती खाली पाडते.

म्हणजे सहलीचे दिवस तिथीवरून ठरतात. द्वादशीला भरती सकाळी नऊला, ओहोटी सव्वातीनच्या सुमाराला. सव्वातीन ते सव्वापाच तुमचे. त्रयोदशीला चार ते सहा. संध्याकाळी खेळायचं असेल तर हे दोन दिवस सोन्यासारखे. सकाळ हवी असेल तर द्वितीया-तृतीया: पावणेआठ-साडेआठला ओहोटी, पावणेदहा-साडेदहापर्यंत खेळ, मग आंघोळ आणि जेवण. षष्ठी, सप्तमी, अष्टमी मी टाळते. त्या दिवसांत चांगली वेळ भर उन्हात येते आणि संध्याकाळी पाणी नेमकं वर आलेलं किंवा फिरलेलं असतं. गावचे लोक सांगतील की अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला जोर कमी. खरं आहे. पण सप्तमीच्या त्या कमी जोरानेच माझ्या लेकीला ओढलं होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप लांब जातं आणि तितक्याच लगबगीने परत येतं. त्या दिवशी मुलाला घेऊन पाण्यामागे लांबवर चालत जाऊ नका. पाठीमागच्या खोलगट भागात आधी पाणी भरतं आणि तुम्ही पुढच्या उंचवट्यावर अडकता.

सुट्टी शनिवार-रविवारचीच मिळते, हे मला माहीत आहे. पण चार महिन्यांत शनिवार-रविवार सोळा-सतरा असतात. त्यांतले तीन-चार तरी हिशेबात बसतात. कालनिर्णय उघडा, ते निवडा, मग खोलीसाठी फोन करा. सगळे उलट करतात.

धरायचं कसं

बोटं धरू नका. ओली बोटं निसटतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मनगट धरून हिसका दिला तर लहान मुलाचं कोपर निखळू शकतं. मूल पाण्यात असेल तोवर एक हात त्याच्या काखेत किंवा दंडाभोवती हवा. मोठ्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभं राहायचं, मुलाने किनाऱ्याच्या बाजूला. पाठ समुद्राकडे कधीही करायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर आलं की दोन पावलं मागे. एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्याचा मोबाइल खोलीवर. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना चटईवर बसवा. लाटेत मूल सांभाळणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि संकोचाने ते तसं बोलत नाहीत.

हवेची ट्यूब घरीच ठेवा. ती वाचवते असं लोकांना वाटतं. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि ट्यूबमधलं मूल अलगद आत जातं. ते हसत असतं, म्हणून लक्षातही येत नाही.

मूल घाबरलं तर

उचलून लाटेत नेऊ नका. “एकदा भिजला की भीती जाते” हा सल्ला मी ज्यांच्याकडून ऐकला त्यांची मुलं दहाव्या वर्षीही वाळूवरच बसलेली पाहिली आहेत. त्या प्रसंगानंतर आम्ही लेकीला दोन दिवस पाण्याजवळ नेलंच नाही. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिमुकल्या खेकड्यांची बिळं असतात. प्रत्येक बिळाभोवती मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, ओळीने, ताऱ्याच्या आकारात मांडलेल्या. वाळूतलं खाणं चाखून झालं की खेकडा ती गोळी मागे टाकतो. पाऊल वाजलं की आत. लेक पालथी पडून, श्वास रोखून, एक खेकडा बाहेर येईपर्यंत वाट बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ओहोटीने मागे ठेवलेल्या, वीतभरही खोल नसलेल्या डबक्यात आपणहून बसली. लाटेपर्यंत जायला तिला पुढची सहल लागली, आणि आम्ही ती लागू दिली.

बाकीचं

डायपर पाण्यात चालत नाही, फुगून जड होतो. सुती चड्डी घाला. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उन्हापासून चांगलं राखतो. अंगाची वाळू आधी सुकू द्या आणि टाल्कम पावडर लावून पुसा, घासू नका. किनाऱ्यावर पडलेली निळी-जांभळी, फुग्यासारखी दिसणारी वस्तू मुलाला उचलू देऊ नका. जेलीफिश डसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि डॉक्टर गाठा.

जेवण जिथे उतरलात तिथेच घ्या. फोनवरच काकूंना सांगून ठेवा की मुलाचं ताट बिनतिखटाचं हवं. मऊ भात, वरण, तूप, सकाळी घावन. नवी चव पहिल्या दिवशी नको.

वाळूवर गाड्या आणि मोटारसायकली पळवणारे भेटतील. तिथे मूल सोडू नका, सरळ अर्धा किलोमीटर चालत पुढे जा. किनारा लांब आहे, आणि पुढे गर्दी नसते, खेकडे असतात.