माहिती अधिकाराचा अर्ज : या चुका टाळा, 'का' विचारू नका, कागद मागा

"आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." हे एका ओळीचं उत्तर हातात पडलं की लोक सरकारी कारभाराला शिव्या घालतात. कारभार धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही, पण दहातले निम्मे अर्ज खरंच असंच उत्तर यावं असे लिहिलेले असतात. आपल्याला कागद हवाय, अडलेलं काम करून हवंय, की कुणाला तरी जाब विचारायचाय, हे अर्जदाराने ठरवलेलंच नसतं. तिन्हींच्या खिडक्या वेगळ्या आहेत आणि भाषाही वेगळी.

सगळ्यात मोठी चूक : अर्जात भांडण

नेहमीचा मामला बघा. नगरपरिषदेने रस्ता डांबरी केला आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. चिडलेल्या रहिवाशाचा अर्ज हमखास असा असतो : "सदर रस्ता निकृष्ट दर्जाचा का करण्यात आला? यास जबाबदार कोण? दोषी ठेकेदारावर अद्याप कारवाई का नाही?" महिनाभराने वरचं उत्तर येतं. मग हाच मजकूर, चार विशेषणं वाढवून, प्रथम अपिलात, म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, जातो आणि तिथेही फेटाळला जातो. तोवर दोन-अडीच महिने गेलेले असतात आणि खड्ड्यांवर मुरूम टाकून झालेला असतो.

जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे कार्यालयात हे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याच्या दप्तरात जे आहे ते द्यायचं असतं. मत देणं, कारण शोधणं, नवी माहिती तयार करून देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. 'रस्ता का उखडला' असा कागद कुठल्याच फायलीत नसतो. तो का उखडला हे सांगणारे कागद मात्र असतात, आणि त्यांना नावं आहेत. तोच अर्ज असा लिहा :

विषय : अमुक चौक ते अमुक शाळा रस्त्याचे डांबरीकरण.
कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४.
माहितीचे वर्णन : या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, अंतिम देयक आणि करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीचे पान. सर्वांच्या साक्षांकित प्रती.

राग नाही, प्रश्नचिन्ह नाही, त्यामुळे नाकारायला जागाही नाही. यातली मोजमाप पुस्तिका सगळ्यात मोलाची. लांबी, रुंदी, थराची जाडी, तारीख आणि मोजणाऱ्याची सही तिच्यात असते. टेप घेऊन रस्त्यावर जा आणि ताडून बघा. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. जाब विचारायचा तो आता, स्वतंत्र तक्रार अर्जात, ही पानं जोडून. तिथे हवा तेवढा आवाज चढवा.

याच रोगाचं दुसरं लक्षण म्हणजे "मी एक जागरूक सामाजिक कार्यकर्ता असून…" ही सुरुवात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) नुसार माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. हेतू डोक्यात पक्का ठेवा, कागदावर आणू नका. अपवाद एकच लक्षात ठेवा : प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल, तर ३० दिवसांऐवजी ४८ तासांत माहिती द्यावी लागते. तिथे परिस्थिती पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

काम अडलंय आणि अर्ज माहितीचा

जातीचा दाखला मिळत नाही, फेरफार नोंद होत नाही, म्हणून लोक माहिती अधिकारात लिहितात : "तरी योग्य ती कार्यवाही करावी." या कायद्यात कार्यवाही मागता येत नाही. दाखला हवा असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ बघा. अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं, आणि दोषी ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. माहिती अधिकार इथे फक्त टाचणी म्हणून वापरा : "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती." टिपणीवर सह्या आणि तारखा असतात, म्हणजे फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस झोपली ते दिसतं. ती प्रत काढायच्या निमित्तानेच पुष्कळदा फाईल हलते.

कागद कोरडा असावा, याचा अर्थ खिडकीवरही कोरडं वागावं असा नाही. आवक-जावकच्या टेबलावर कलमं ऐकवणारा नवशिका स्वतःचंच काम वाढवतो. ग्रामपंचायतीत 'भाऊसाहेब, पोच देता का?' एवढं पुरतं. पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका. शिक्का, सही आणि तारीख नसेल तर पुढे अपिलात दाखवणार काय?

बारीकसारीक, पण नडणाऱ्या

एका अर्जात पाच विषय कोंबू नका. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एक विषय आणि साधारण १५० शब्द.

राज्याच्या कार्यालयाला पोस्टल ऑर्डर नको, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पोस्टल ऑर्डर केंद्राच्या कार्यालयांसाठी.

"स्थापनेपासून आजपर्यंत" हा कालावधी नव्हे.

खाली "प्रत : मा. मुख्यमंत्री" लिहिल्याने काडीचा फरक पडत नाही.

कार्यालय चुकलं तर घाबरू नका, कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'रामबाण नमुना' वापरू नका. कारकुनाने तो शंभरदा पाहिलेला असतो आणि त्याचं उत्तरही तयार असतं.

घाई, आणि मग विसर

दहाव्या दिवशी फोनवर आरडाओरडा करणारे लोक एकतिसाव्या दिवशी अपील करायला विसरतात. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करायचं असतं. महाराष्ट्रात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. प्रतींचा खर्च भरा असं पत्र आलं, तर ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून ते पत्र उशाशी ठेवून झोपू नका. मुदतीत माहिती दिलीच नाही, तर पुढे ती विनामूल्य द्यावी लागते. अपिलात नवी माहिती मागायची नाही. अर्जाची तारीख, काय मागितलं आणि कुठला मुद्दा मिळाला नाही, एवढंच लिहा.

त्यानंतरचं द्वितीय अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथली तारीख लवकर लागेल या भरवशावर राहू नका. जाडजूड फाईल असेल तर पहिल्याच अर्जात 'अभिलेखांचे अवलोकन' मागा. पहिला तास फुकट असतो. कागदांची यादी लिहून न्या, हव्या त्या पानांचे क्रमांक टिपा आणि तेवढ्याच पानांचे, पानाला दोन रुपये दराने, पैसे भरा.